रविवारची होडी

(प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरचं नेइआफू गाव, फेब्रुवारीतल्या रविवारची सकाळ. पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या लुपेच्या घराचं स्वयंपाकघर. समोर तिची भावजय वासिती. लुपेचा भाऊ, वासितीचा नवरा सायमोने भिंतीपलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी.)

वासिती : एवढंच मागायला आलेय, वन्सं. तुम्ही त्याला ‘जा’ म्हणू नका.

लुपे : मी अजून तोंड उघडलंय का?

वासिती : उघडाल. म्हणून आधी आले. तुम्ही म्हणालात की तो जाणार. बहिणीचा शब्द तो कधी खाली पडू देत नाही.

लुपे : भावाला बहिणीचा मान असतो, ते मी ठरवलेलं नाही. तू बस आधी. केस ओले घेऊन चर्चमधून निघालीस का?

वासिती : गेलेच नाही. रेडिओ ऐकला आणि इकडे पळत आले. वादळ वळलंय म्हणतात. रात्रीच्या आत इथे.

लुपे : मीही ऐकलं. सायमोने, टाकीपाशी तूच आहेस ना?

सायमोने : हो, ताई.

लुपे : आत नको येऊस, तिथूनच बोल. काल त्या म्हाताऱ्या पाहुण्याला बेटावर सोडताना काय बोलणं झालं ते मला नीट सांग.

सायमोने : तंबू लावून दिला. पाणी उतरवलं. पपया दिल्या. मग त्यांनी विचारलं, उद्या सकाळी येशील ना?

लुपे : मग?

सायमोने : हो म्हणालो.

लुपे : उद्या म्हणजे आज. रविवार.

सायमोने : हो.

लुपे : रविवारी इथे कुणी होडी पाण्यात ढकलत नाही. आणि तू हो म्हणालास.

सायमोने : पाहुणा माणूस, ताई. तोंडावर नाही कसं म्हणू? मला वाटलं त्यांना कळेल. सोमवारी पहाटे जाणारच होतो.

लुपे : कॉलिन परदेशी पाहुणा, त्याला कसं कळणार? त्यांच्याकडे हो म्हणजे हो असतं.

वासिती : त्याला कशाला बोलता? तुम्ही तरी काय केलंत? शुक्रवारी त्या माणसानं विचारलं, हवा कशी राहील. तुम्ही म्हणालात, छान राहील.

लुपे : म्हणाले. इतक्या लांबून आलेल्या माणसाला काय सांगायचं, या महिन्यात कोणी येत नाही, तू कशाला आलास?

वासिती : खरं सांगायचं. देवमासे गेले, शिडाच्या होड्या गेल्या, अर्ध्या गावानं खिडक्यांना फळ्या ठोकल्या. अशा वादळाच्या दिवसांत यायचं कशाला?

लुपे : शांतता हवी होती त्याला. मी म्हटलं, बाबा, ती विकता आली असती तर मी आजवर राजवाडा बांधला असता. हसला. एका कानानं ऐकू येत नाही, तरी नेमकं तेवढं ऐकलं. रोज जेवण झालं की माझी भांडी विसळतो. मी नको म्हणते, तरी.

वासिती : चांगला आहे. मी वाईट म्हणतेय का? पण माझी तीन पोरं आहेत, वन्सं.

लुपे : सायमोने, पोलिसांना विचारलंस?

सायमोने : विचारलं. त्यांची होडी राजधानीला गेलीय. बाकीच्या सगळ्या वर ओढून झाडांना बांधल्यात. पाण्यात माझी एकटीच आहे.

लुपे : काल मीच उतरवायला लावली म्हणून.

सायमोने : तसं नाही, ताई.

लुपे : तसंच आहे. तुझ्या मनात नव्हतं. मी म्हटलं, एकच तर पाहुणा आहे, ने त्याला. आणि तू?

सायमोने : हो म्हणालो.

लुपे : ते बेट पाण्यापासून किती वर आहे?

सायमोने : उंच नाही. मागे नारळाची चार झाडं आहेत, तिथे जरा चढ आहे. गेल्या मोठ्या वादळात लाटा एका बाजूनं आल्या आणि दुसऱ्या बाजूनं गेल्या.

लुपे : आणि तो त्या चढावर जाईल?

सायमोने : नाही जाणार. सामान बांधून वाळूवर बसला असेल. मी सोडलं तिथेच. माझी वाट बघत.

वासिती : असं बोलू नकोस रे.

सायमोने : विचारलं म्हणून सांगितलं.

लुपे : तुम्ही दोघं जरा गप्प बसा. ऐका. तो आवाज कसला?

वासिती : चर्चमधलं गाणं.

लुपे : त्याच्याखालचा.

सायमोने : बाहेरच्या खडकांवर लाटा फुटतायत, ताई. पहाटेपासून.

लुपे : इथे? बंदराचं पाणी तर ताटलीसारखं पडलंय. इतक्या आत मी तो आवाज कधी ऐकला नाही.

सायमोने : मीही नाही.

वासिती : बघा. आणि तुम्ही त्याला त्यात पाठवणार. पाद्रीबाबा काही म्हणणार नाहीत, जीव वाचवायला रविवार आड येत नाही म्हणतील. मी रविवारचं बोलतच नाहीये. मी त्या खडकांचं बोलतेय.

सायमोने : ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करेन.

लुपे : तुला काय वाटतं?

सायमोने : मला विचारू नका.

लुपे : तुलाच विचारतेय. जमेल?

सायमोने : हो.

लुपे : लाटा असूनही?

सायमोने : हो.

लुपे : इंजिन टिकेल?

सायमोने : हो, ताई.

लुपे : मी म्हटलं असतं की उडत जा, तरी हो म्हणाला असतास. काल त्या म्हाताऱ्यालाही असंच हो दिलंस. सायमोने, मला तुझं हो नकोय. आई गेल्यापासून मी स्वतःसाठी तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागते. खरं सांग. एकटा जाऊन, त्याला घेऊन, परत येशील?



वासिती : सांग ना.

सायमोने : नाही.

लुपे : हां.

सायमोने : नाही येणार, ताई. खडकांमधल्या वाटेत पाणी आत येणार. मी सुकाणू धरलं तर उपसायचं कुणी? उपसायला दुसरं माणूस असेल तर येईन. बहुतेक येईन. दुपारच्या आत निघालो तर.

लुपे : जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणालास. बरं वाटलं.

वासिती : मी येते बरोबर.

सायमोने : तू पोरांना सांभाळ.

वासिती : मग कुणाला नेणार? गावात कुणालाही विचार. सगळे हो म्हणतील. आणि धक्क्यावर एकही दिसणार नाही.

लुपे : ते खरं. ती मोरीतली बादली दे इकडे. ती नाही, मोठी.

वासिती : कशाला?

लुपे : पाणी काय हातानं उपसू?

वासिती : वन्सं, तुम्ही? त्याच्याबरोबर? एका होडीत?

सायमोने : ताई, नको.

वासिती : भावाबहिणीची रीत म्हणून कळत्या वयापासून तुम्ही दोघं एका खोलीत बसला नाहीत. तुम्ही आत असलात तर तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आणि त्या एवढ्याशा होडीत गुडघ्याला गुडघा लावून बसणार? लोक काय म्हणतील?

लुपे : लोक चर्चमध्ये आहेत.

वासिती : तुम्ही दोघं गेलात तर मी जाब कुणाला विचारू?

लुपे : ऐक, वासिती. मी ‘जा’ म्हटलं असतं आणि इथे बटाटे सोलत बसले असते, तो आला नसता, तर तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतंस. बरोबरच केलं असतंस. ‘जाऊ नको’ म्हटलं असतं, तर तो जगला असता. पण त्या वाळूवर बसलेला म्हातारा मग रोज या घरात आला असता. मला ते दोन्ही नको. मी त्याला पाठवत नाहीये. मी जातेय, तो मला नेतोय.

वासिती : मला भीती वाटते हो.

लुपे : मलाही वाटते. पोरांना घे आणि दगडी चर्चमध्ये जा. पाणी भरून ने. माझं मांजर खाटेखाली आहे, तेही ने, बोचकारेल पण ने. रडू नकोस आता. चुलीवरचं झाकून ठेव, तिघांना पुरेल इतकं आहे.

वासिती : तिघांना?

लुपे : कॉलिनलाही भूक लागली असेल. सायमोने, निघ. धक्क्यापर्यंत तू पुढे चाल, मी मागून येते.

सायमोने : हो, ताई.

लुपे : आणि होडीत कसं बसायचं तेही सांग. मला सवय नाही.

सायमोने : पुढे बसा. पाठ माझ्याकडे करून. मी घाबरलोय, ताई, ते तुम्हाला दिसायला नको.