डब्यातलं गवत

धुळ्याच्या दातांच्या दवाखान्यात मोहिनीचा नंबर अजून लांब होता. शेजारच्या बाकावरचे दोघे बोलत होते. एक गोल्फच्या मैदानावर खेळणारे शेठ, दुसरे त्याच मैदानाचे माळी, हे तिला त्यांच्या बोलण्यावरून लगेच कळलं.

“नाना, मैदानाला जागोजागी टक्कल पडलंय.”

“थंडी धरली की गवत वाढत नाही, शेठ. आत्ताचा खड्डा होळीपर्यंत तसाच राहील. फटक्यानं उडालेला गवताचा तुकडा खेळणाऱ्यानं लगेच जागेवर बसवून पायानं दाबला, तर तो पुन्हा मूळ धरतो.”

“मी तर कचरा होऊच देत नाही. तुकडा उचलून थेट डब्यात टाकतो.”

“म्हणजे ते तुम्ही! डब्यात तुकडे कोण टाकतं, महिनाभर शोधतोय मी. जिवंत मुळ्या असतात त्याला. केळीच्या बुडाशी फुटलेलं पील उकिरड्यावर टाकाल का?”

“अरे राम! तुम्ही तरी परत लावायचे.”

“कुठला तुकडा कुठल्या खड्ड्याचा, मला काय ठाऊक?”

“मग सगळे वाया गेले?”

“वाया कसे जातील? डब्यातून काढून माझ्या अंगणात लावले. बठ्ठे जगले, एकही मेला नाही. रविवारी चहाला या, बसा तुमच्याच गवतावर.”

मोहिनीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं, तेव्हा कुठे ती उठली.

“येतो की, नाना.”

“या. फक्त ते खिळ्यांचे बूट फाटकाबाहेर काढा.”