क्लब हाऊसमधला पखवाज

आयुष्यभर मी बातमीसाठी भांडलो राव, पण भांडण जिंकून हरलो तो एकदाच, चऱ्होलीत, माझ्या सख्ख्या मामासाठी.

मामाच्या शेतावर आता बारा मजल्यांची इमारत आहे आणि मामा तिच्याच सातव्या मजल्यावर राहतो. त्याने पखवाज काढला की खालून तक्रार यायची. सोसायटीने नोटीस दिली तेव्हा मी तडक चेअरमनचं दार वाजवलं.

"तुम्ही राहता ती जमीन त्यांची होती, आणि त्यांनाच गप्प बसवता?"

"सर, नियम सगळ्यांना सारखे."

"मग नियमातच बसवून एक खोली द्या. नाहीतर पेपरात वाचा."

चौथ्या दिवशी क्लब हाऊसची खोली मिळाली, रोज संध्याकाळी तासभर. मी लढाई जिंकल्याच्या थाटात मामाला तिथे नेलं. त्याने मामीने मळून दिलेली कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावली, एक बोल वाजवला आणि हात आखडला.

"मामा, आता तुला कुणी बोलणार नाही. वाजव बिनधास्त."

"आरं, पखवाज साथीचा असतोय. आमच्या भजनात गाणारा बाबू, त्यो जमीन इकून पोराकडं वाकडला गेला. टाळवाले कुरुळीला, भाड्याच्या खोल्या बांधून बसल्यात. म्हईनाम्हईना कुणाची गाठ न्हाई."

मग मामा म्हणाला, "चेअरमनशी भांडून तू खोली आणलीस. आता कुणाशी भांडून बाबूला आणतोस, सांग."