खुंटीवरची जर्सी

कीर्तन ऐकून मी हिंगणघाटच्या स्टँडवर वर्ध्याच्या बसची वाट पाहत होतो. मागे फुटबॉल क्लबचे किसनराव आणि त्यांच्या दिवंगत गोलकीपरची आई, यशोदाबाई, बोलत होते.

"बाई, धनंजयची जर्सी आता घरी ठेवा. क्लबातल्या खुंटीवर ती पाहून नवा गोलकीपर भिऊन राह्यला."

"काऊन? माह्या पोरानं कोणाले कधी धक्का तरी देला का?"

"वर्ष झालं त्याले जाऊन."

"मले माईत नाई का? पण मॅच झाली का जर्सी मलेच धुवा लागते."

"टांगलेली जर्सी कायले धुता?"

"काळी माती निघते, भाऊ. कोपराले, छातीले. काल तर घामानं चिंब होती."

"काल? काल तर मॅचच नव्हती, बाई."

"तेच विचाराले आली, किसनभाऊ. मंग तो खेळला कोणासंगं?"