पुसला का?

मंडळी, रामरायाला हात जोडून झाले, आता जरा पुढे सरकून बसा. मागच्या खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा. आजची गोष्ट भीतीची आहे, आणि भीतीला सोबत लागते.

आधी मोजदाद ऐका. खोली एक. खिडकी एक, तीही अर्धी झाकलेली. टीव्ही अकरा. त्यातले सात लाकडी खोक्यातले, सरकत्या दारांचे. तीन प्लास्टिकचे. आणि एक मधल्या टेबलावर, पाठ उघडी पडलेला. अकराही रंगीत, अकराही जुने, आणि अकरांच्याही तारा भिंतीपासून सोडवून ठेवलेल्या. म्हणजे वीज कुठेच नाही. बरोबर?

आता माझा प्रश्न. बटण बंद केलं, तार काढली, म्हणजे आतलं संपलं का? टीव्हीचं राहू द्या, माणसाचं सांगा. बोलणं बंद केलं म्हणजे राग संपला का? बघा, तिसऱ्या रांगेतल्या दोन वहिनी लगेच दुसरीकडे बघायला लागल्या.

तर कऱ्हाडला दोन भाऊ राहायचे. थोरले मनोहर तारळेकर, धाकटे दिगंबर. दोघंही नोकरीतून मोकळे झालेले आणि दोघांना एकच वेड. लोकांनी माळ्यावर टाकलेले जुने रंगीत टीव्ही आणायचे, धूळ झाडायची, जळके भाग बदलायचे आणि पडद्यावर पुन्हा रंग आणायचा. मधल्या टेबलावरचा तो त्यांच्या वडिलांचा. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही! तो आला त्या दिवशी शेजाऱ्यांनी चपला कुठे काढल्या होत्या, हे शोधायला संध्याकाळ लागली होती.

पण मंडळी, या खोलीत साप असतो. दिसत नाही, फुत्कारत नाही. टीव्हीच्या पडद्यामागे काचेचं मोठं नरसाळं असतं, पिक्चर ट्यूब. टीव्ही चालला की त्या काचेवर वीस-पंचवीस हजार व्होल्टची वीज साठते. आणि बंद केल्यावर ती लगेच जात नाही. काच ती धरून बसते. कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. वरच्या बाजूला एक रबरी टोपी असते, तिच्याखाली ती दबा धरून असते. विज्ञान शिकलेला माणूस मी, भूतखेत मानत नाही. पण त्या रबरी टोपीला मानतो.

म्हणून भावांनी एक रीत पाडली होती. लांब स्क्रू ड्रायव्हरला तार बांधायची, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या जाळीदार तारेला अडकवायचं आणि स्क्रू ड्रायव्हर टोपीखाली सरकवायचा. फट् — निळी ठिणगी. वीज उतरली. मग ट्यूबच्या पाठीवर कुंकवाचा टिळा. टिळा म्हणजे ही शांत आहे, हात घाला. टीव्ही पुन्हा चालवला की टिळा पुसायचा. आणि दुसऱ्यानं विचारायचं, "पुसला का?" हा प्रश्न कानावर पडला की पहिल्यानं आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, मग बघायचं, मग उत्तर द्यायचं. आधी हात, मग तोंड. तीस वर्षं हेच. जेवताना आमटीचं भांडं पुढे आलं तरी दिगंबरराव हात मागे घ्यायचे, म्हणे सवय!

मग दिगंबररावांचं हृदय अडखळायला लागलं. डॉक्टरांनी छातीत यंत्र बसवलं, पेसमेकर. दवाखान्यातून घरी आले तर खोलीला कुलूप.

"दादा, किल्ली?"

"तुला आता या खोलीत काम नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. छातीतलं यंत्र एका ठिणगीनं बंद पडलं तर?"

"बाबांचा टीव्ही तुझ्या एकट्याचा झाला, असं सरळ सांग ना."

झालं. भीतीपोटी बोललेलं मालकीचं ऐकू आलं. त्या दिवसापासून अबोला. जेवायला एकाच घरात, पण निरोप उषाकाकूंमार्फत. उषाकाकू म्हणजे मनोहररावांची बायको. "वहिनी, शेजारच्या गृहस्थांना सांगा, मीठ इकडे सरकवा." काकू म्हणायच्या, "तुमचा हात त्यांच्या ताटाला लागतोय, तरी मीच सांगू? मला काय टपाल खात्यात चिकटवलंय?"

हसा. पुढे हसू येणार नाही.

एकदा मनोहररावांनी वडिलांच्या टीव्हीची वीज उतरवली, टिळा लावला, काम केलं. दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून जरा चालवून पाहिला. पडद्यावर रंग आला. हिरवा, लाल, सगळा. डोळे भरून आले. शेजारी सांगायला कोणी नव्हतं. बटण बंद केलं, तार काढली आणि खोलीबाहेर आले.

टिळा पुसला का?

मंडळी, विचारायला कोण होतं? अबोला होता ना!

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मनोहरराव बाजारात गेले. किल्ली खुंटीवर राहिली. दिगंबररावांनी ती पाहिली. चोरी नव्हती हो ती. बापाच्या टीव्हीला हात लावायचा होता, एवढंच. आत गेले. ट्यूबच्या पाठीवर लालभडक टिळा. दादानं लावलेला. दादाशी बोलत नव्हते, पण दादाच्या टिळ्यावर विश्वास होता. दोन्ही हात आत घातले.

पेटीवाले काका, एक सूर धरून ठेवा. सोडू नका.

मनोहरराव भाजीची पिशवी घेऊन दारात आले. दार उघडं. भावाची पाठ दिसली. डावा हात धातूच्या पट्टीवर, उजव्या हाताची बोटं रबरी टोपीच्या कडेला, उचलायच्या बेतात. एका हातातून दुसऱ्या हातात जायची वाट म्हणजे छाती. आणि छातीत ते यंत्र. आणि काचेवर न पुसलेला टिळा. क्षणात सगळं आठवलं.

काय कराल? ओरडाल? ओरडलात तर माणूस दचकतो, आणि दचकला की बोट आत जातं. धावाल? पायाखालची फळी वाजेल, तो वळेल, कोपर लागेल. हात धराल? मग वीज दोघांतून. सांगा ना. माझ्याकडे काय बघता?

मनोहररावांना पिशवी खाली ठेवायचीही भीती. त्यांनी आवाज अगदी रोजचा केला, आमटी वाढताना असतो तसा.

"दिगू, पुसला का?"

दोन्ही हात बाहेर आले. पाठीमागे गेले. एकमेकांत अडकले. आधी हात, मग डोळे, मग तोंड.

सोडा सूर, काका.

दिगंबरराव वळले नाहीत. म्हणाले, "मला कोण विचारतंय? वहिनींमार्फत विचार."

"दिगू, मी काल चालवला तो. टिळा पुसायचा राहिला. तू मागे सरक. माझ्याकडे ये, हात तसेच ठेव."

आता ते वळले. भावाचा चेहरा पाहिला. हात सोडले नाहीत. उंबऱ्याशी येऊन बसले.

"चालला?" त्यांनी विचारलं.

"चालला."

"लाल कसा आलाय?"

"थोडा पसरतोय. तुझ्याशिवाय जमायचा नाही." मग मनोहरराव म्हणाले, "दिगू, मी तुला बाहेर ठेवला तो टीव्हीसाठी नाही. असं काहीतरी होईल म्हणून. आणि ते माझ्याच हातून होत होतं."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतंस. कुलूप कशाला बोलायला लावलंस?"

दिगंबररावांना अंगणात लांब बसवून मनोहररावांनी वीज उतरवली. फट्! अंगणातल्या चिमण्या उडाल्या. त्यांनी कुंकवाची डबी उचलली, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "लगेच टिळा लावू नकोस दादा. काच पुन्हा धरते."

हे खरं आहे, मंडळी. एकदा उतरवली तरी काचेच्या आत मुरलेली वीज हळूहळू पुन्हा वर येते. कोणी बटण न दाबता. म्हणून थांबायचं, मोजायचं, पुन्हा उतरवायचं.

आता तुमच्याकडे येतो. कोणाकोणावर तुम्ही टिळा लावून ठेवलाय? आमचं मिटलं, आता काही नाही, म्हणून? कधी लावला होता? त्यानंतर कोणी बटण दाबलं का? विचारलंत का? की जाऊबाईंशी, भावाशी बोलत नाही म्हणून विचारायचंच राहिलं? एकदा माफी मागितली आणि काम झालं असं धरून हात घालू नका. घरी गेल्यावर रोजच्या आवाजात विचारा. आणि उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवा.

तिकडे कऱ्हाडला मनोहररावांनी चहा होईपर्यंत वाट पाहिली, मग लांब दांड्याचा मीटर टोपीखाली लावला. काटा तीन हजारांवर गेला. त्यांनी पुन्हा वीज उतरवली. दुसरा चहा झाला. दिगंबररावांनी अंगणातून विचारलं, "किती?"

मनोहररावांनी काटा वाचला. चारशे व्होल्ट. कुंकवाची डबी त्यांनी अजून मिटलेलीच ठेवली.