कामाचे कपडे

कॅनडातल्या सरे शहरात, एका लॅबमध्ये ऊर्मी तपासणीसाठी रक्त द्यायला बसली होती. समोरचं जोडपं मराठीत बोलत होतं. बाईच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली. आपल्याला कळतंय हे त्यांना कळू नये, म्हणून ऊर्मीने फोनमध्ये डोकं घातलं.

“डॉक्टरांनी तुमचंही रक्त का मागितलं?”

“मी जुन्या बॅटऱ्या फोडतो म्हणून. त्यात शिसं असतं.”

“त्याचा जाईच्या सारखं आजारी पडण्याशी काय संबंध?”

“वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं, की आजाराशी लढायची ताकदच कमी होते म्हणे.”

“पण ती कुठे कारखान्यात जाते?”

“माझ्या कपड्यांवरून घरी येतं.”

“तिथे अंघोळीची सोय नाही?”

“आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मग इतकी वर्षं तसेच का आलात?”

“सगळे एकत्र, उघडे अंघोळ करतात. मला लाज वाटायची.”

“आणि ती तिथेच आजार घेऊन येते म्हणून मी डेकेअरवाल्यांशी भांडत राहिले.”

“मी कामावरून आल्या आल्या ती मिठी मारायची. मी कधी थांबवलं नाही तिला.”

मुलगी जागी झाली.

“डॅडी, कॅरी मी.”

“घ्या तिला. आजचे कपडे मी धुतलेत.”

तो उठला, पण त्याचे हात काही पुढे झाले नाहीत.