उन्हाच्या दुपट्ट्याआड

सन्माननीय अध्यक्ष खुशालराव, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी आणि पहिल्या रांगेतून माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे रोखून पाहणारी माझी पत्नी शकुन, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

आधीच्या वक्त्यांनी मला फार मोठं केलं. निवृत्तीच्या दिवशी माणूस जरा जास्तच चांगला होतो! पण एक स्तुती मला टोचली. 'सरांनी एकतीस वर्षं दर सोमवारी प्रार्थनेनंतर पोरांची तोंडं तपासली, शाळेत तंबाखू-सुपारीचा खर्रा शिरू दिला नाही.' खरं आहे. 'आ कर' हे माझे शब्द गावात माझ्या नावाआधी पोचतात.

मंडळी, जानेवारीत माझ्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती. मी काय केलं? दुपट्टा गुंडाळला. आधी थंडी होती, मग ऊन आलं. अकोल्याच्या उन्हात दुपट्ट्याचं कारण कोण विचारतो? मला मरणाची भीती नव्हती. कॅन्सर निघाला तर लोक म्हणतील, मास्तर स्वतःच चोरून खर्रा खात होता, याची होती.

शेवटी शकुननंच दुपट्टा ओढला. तपासणीत निघालं, टॉन्सिलचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "खर्ऱ्यानं नाही, एचपीव्ही नावाच्या विषाणूनं. तो बहुतेकांच्या अंगात कधीतरी येऊन जातो, एखाद्याच्या घशात वर्षानुवर्षं राहतो. कुठून, कधी आला, ते शोधू नका." बाहेर आल्यावर शकुन म्हणाली, "मले सांगाले काहून लाजले तुमी? गाठ काय तुमी इकत आनली?"

सुरुवातच आहे, बरं होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर सांगतात. वाटा दोन. तोंडातूनच ऑपरेशन आणि मानेतल्या गाठी काढणं. पण रिपोर्ट पाहून पुढे शेकही द्यावा लागू शकतो. नाहीतर सुरुवातीपासूनच शेक, म्हणजे रेडिएशन, सहा-सात आठवडे. त्यात चाकू नाही, पण तोंड कोरडं पडतं, चव जाते, गिळणं अवघड होतं. गुण दोन्हींत जवळपास सारखाच. मला शेक बरा वाटतो. शकुन म्हणते, "काढूनच टाका ते." सेमाडोहच्या जडीबुटीचा पत्ताही एकानं प्रेमानं दिला, त्यांचे आभार, पण ती वाट माझी नाही. सोमवारी निर्णय सांगायचा आहे. खरं सांगतो, मी घाबरलो आहे. ज्या गळ्यावर आयुष्यभर पोट भरलं, त्याचाच सौदा करायचा आहे.

असो. हा सत्कार, ही शाल, खुशालरावांचे चार शब्द, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. एका चुकीची क्षमा मात्र नाव घेऊन मागायची आहे.

आजचं सूत्रसंचालन करणाऱ्या हर्षाबाई याच शाळेच्या विद्यार्थिनी. सातवीत असताना गाल फुगलेला दिसला म्हणून मी यांना भर प्रार्थनेत ओट्यावर उभं केलं. आत खर्रा नव्हता, दुखऱ्या दाढेखाली लवंग होती. ती पाहूनही मी चूक कबूल केली नाही. न केलेल्या गोष्टीसाठी लोकांनी आपल्याकडे कसं पाहिलं असतं, या विचारानं मी चार महिने झोपलो नाही. तुम्ही तर बारा वर्षांच्या होतात.

सोमवारी मी डॉक्टरांपुढे आ करीन. त्याआधी हा दुपट्टा इथं काढून ठेवतो. हर्षाबाई, मला माफ करा.