डावीकडून वाच

नाही बाई, बसत नाही, उभीच बरी – कुसकुस वाफेला ठेवून आलेय, सासूबाईंना म्हटलं जरा लक्ष ठेवा, आलेच – आणि आले ती थेट तुमच्या वर्गात. सही? नाही केली. हा बघा तुमचा परवानगीचा कागद, सहीची जागा कोरीच. रिहाम तुमच्याकडे फ्रेंच शिकते, गोडीनं शिकते, अल्ला तुमचं भलं करो. आणि तो तुमचा कॉम्प्युटरवरचा चित्रकथेचा खेळ – बरं, खेळ नव्हे, अभ्यास – चौकटी घ्यायच्या, त्यात माणसं आणून बसवायची, तोंडापाशी फुगा काढून त्यात फ्रेंच वाक्य लिहायचं – घरी आली की तेच. आजीला म्हणते, माझ्या गोष्टीत तुझे केस काळे केलेत! सासूबाई खूश. माझी तक्रार नाही हो. फक्त तिची ही चित्रकथा शनिवारी प्रदर्शनात भिंतीवर लावू नका. एवढंच मागणं.

का म्हणजे? शनिवारी अख्खी गल्ली येणार शाळेत. मन्नूबिया येणार – आमच्या समोरचीच, तिला दुसऱ्याच्या घरातली मीठमिरची आपल्या गच्चीवरून मोजता येते. मला फ्रेंच अक्षर येत नाही, पण चित्रं तर दिसतात ना? या, तुम्हीच बघा. ही पहिली, उजवीकडची – आम्ही चौघं जेवतोय, काळ्या केसांच्या सासूबाईसुद्धा, मधे तिचा बाप, लसाद. मग ही – मी नमाजाच्या चटईवर, हात वर केलेले. मग ही – तीच बैठक, लसादची जागा रिकामी. आणि शेवटी – शेवटी तो दारात, खांद्याला पिशवी, आमच्याकडे पाठ. संपलं! पोरीनं बापाला घराबाहेर काढलं, आणि तुम्ही वर चांदणी चिकटवलीत.

तिला सांगितलं कुणी? मी नाही. मी सांगितलंय, बाबा सिसिलीला बोटीवर आहेत, मासळी जोरात आहे, खलाशी कमी, उन्हाळ्यात येणार. सासूबाईंनाही तेच. फोन लागतो हो त्याचा – उचलत नाही. ईदला बोलला, ‘बरं आहे’ म्हणाला, मागे कुणी बाई हसत होती – टीव्ही असेल. टीव्हीच असेल. मी निरोप पाठवते, खुणा निळ्या होतात, म्हणजे वाचतो. उत्तर नाही. दर गुरुवारी रोजा धरते, किल्ल्याजवळच्या दर्ग्यात मेणबत्ती लावते. नवस बोललेय, तो उंबऱ्याच्या आत आला की गल्लीभर माशाचा कुसकुस वाटीन – मन्नूबियालासुद्धा, वर मोठा तुकडा घालून. हे कुणाकडे बोलू नका हं. तुम्हाला तरी का सांगतेय, कोण जाणे. चटईवर बसून रडत होते तेव्हा पोर जागी असणार, दुसरं काय.

हं? बोट तिकडे का ठेवलंत? डावीकडून? – का बरं? – फ्रेंच म्हणून? वाक्यं डावीकडून, म्हणून चौकटीही? अगंबाई. मी जन्मभर अरबी वाचलेली, उजवीकडून वाचत आले, मला चित्रंही तशीच... थांबा, थांबा. म्हणजे पिशवी घेऊन निघाला ती पहिली. मग रिकामी जागा. मग मी, हात वर. आणि मग – मग जेवतोय. शेवटाला आम्ही जेवतोय. त्याच्या फुग्यात काय आहे? वाचा ना. ‘मीठ कमी आहे.’ – हसू नका. नाही, हसा, हसा! हेच म्हणतो तो, बोटीवरून आला की पहिल्या घासाला हेच, जिभेवर समुद्र बसलेला असतो ना त्याच्या! कुठे लक्षात ठेवलंन् पोरीनं!

म्हणजे तिला काही कळलेलं नाही. चला, बरं झालं – नाही. बरं कसलं, बाई? खरं कळलं म्हणून घाबरून धावत आले मी, आणि तिनं तर माझा शब्दन् शब्द खरा धरलाय. ताट मांडून बसलीय बापासाठी. उन्हाळा काय, दाराशी आलाच. मग? मग कुठल्या तोंडानं सांगू तिला?

हे फोनवर जातं का हो? चित्र – हे असंच? माझ्या फोनवर टाका. टाका ना. आलं – हां, आलं. त्याला पाठवते. नाही, रागाचं काही लिहीत नाही, रोजा आहे आज. थांबा, एक तर लिहायलाच हवं. तिकडे सगळे डावीकडूनच वाचतात, पण घरचं म्हटल्यावर हा उजवीकडून वाचेल, आणि त्याला वाटेल पोरीनं आपल्याला घालवलं. ‘रिहामनं केलंय. डावीकडून वाच.’ बस्स. गेलं.

पेन द्या. इथे ना सही? लावा भिंतीवर. पण शनिवारी तिथे उभ्या राहा, मन्नूबियाला बोट ठेवून दाखवा, इकडून, इकडून – नाहीतर ती गल्लीभर उलटीच गोष्ट करेल. नको, रिहामला बोलावू नका, मी आले होते असंही सांगू नका. निघते मी, कुसकुस खाली लागला असेल – थांबा.

निळ्या झाल्या. बघा, निळ्या झाल्या. वर ‘लिहितोय’ दिसतंय. – थांबला. – पुन्हा लिहितोय. बाई, अल्लासाठी, आता एक अक्षर बोलू नका.